चावडीपुढच्या चपला

लाइट तर गेलीच आहे, कंदील इकडे सरकवा अन् ऐका.

मोताळ्याच्या बाजारातून मिरच्या घेऊन ऑटोनं आलो, त्याच ऑटोतून खामगावची समता उतरली. गळ्यात कॅमेरा. म्हटलं, "कोणाचं लगन हाय व बाई?"

"लग्नाचे नाही काढत, काका. गावाले जे दिसत नाही, त्याचे फोटो काढते."

आमच्या गावाला काय दिसत नाही? चावडीच्या ओट्यावर म्हातारे बसले की सुनांनी चपला हातात घेऊन जायचं. याला म्हणे मान! महादेवरावांची थोरली सून वंदना श्रावणात अशीच चालली होती. ओल्या पाचोळ्यात साप डसला, अन् चपला हातात. गेली बिचारी. ओटा म्हणाला, "नशीब." सुपारी कातरत म्हणाला! आता धाकटी सुवर्णा, पोटुशी, त्याच वाटेनं अनवाणी जाते.

समतानं बायांच्या चपला मागून घेतल्या. दिवेलागणीला वाटेवर अशा मांडल्या, की बाया चालून राह्यल्या, फक्त बायाच नाहीत. सुवर्णानं घरातून वंदनाच्या निळ्या स्लीपरची जोडी आणली, सगळ्यांच्या मागं ठेवली.

महादेवराव कडाडले, "काय सर्कस लावली बे? उचला!"

"दादा, सुना चालल्या," मी म्हटलं. "घ्या ना मान! वाकून घ्या!"

समता फोटो काढत होती. एकदम थांबली.

"काका... निळी जोडी कोणी हलवली?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सरपंचाच्या बुलेटला गाढव बांधणारा मी, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

"मायची आन, मी नाही..."

तिनं कॅमेरा दाखवला. पहिल्या फोटोत निळी जोडी मागं. पुढच्यात मधात. मग सगळ्यांच्या पुढं. मातीत ओढल्याची रेघ नाही. कुत्री गप. कोरड्या वाटेवर ओल्या पाचोळ्याचा वास...

जोडी ओट्याच्या पायरीशी होती. टाचा वाटेकडं, अंगठे महादेवरावांकडं.

"सुवर्णा..." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "चपला घाल, बाई... घाल..."

तिनं रांगेतल्या आपल्या चपला घातल्या. साऱ्या ओट्यापुढून फटाक् फटाक् वाजवत गेली.

ग्रामसभेतल्या भाषणांनी जे झालं नाही, ते त्या पोरीच्या कॅमेऱ्यानं केलं. फोटो आता चावडीत टांगलाय. गाव अजून म्हणते, माझीच, या पंजाबरावचीच खोडी. म्हणू द्या. फक्त एकदा जवळ जाऊन पाहा. बाकीच्या चपला रिकाम्या, सपाट पडल्यात. निळ्या जोडीचं रबर टाचेशी दबलंय, अन् पट्टे वर फुगलेत.