मोजणीबाहेरचे शब्द

ही घटना खरी आहे. दिवस मंगळवार, अठरा फेब्रुवारी १९५८. ठिकाण अमरावतीचं तारघर.

देवमन तिथं तारबाबू होता. बायको ललिता पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला, माहेरी गेली होती. बातमी आली तर आपल्याच यंत्रावर येईल, म्हणून त्याने रजा घेतली नव्हती.

अकराला अकोल्याहून एका कापूस दलालाची इंग्रजी तार सुरू झाली. रीतीप्रमाणे आधी शब्दांची संख्या... चौदा. मग शब्द.

चौदा झाले.

आणि यंत्र पुढं वाजतच राहिलं...

पंधरावा शब्द. नुसती अर्थहीन अक्षरं.

देवमनने तारेवरूनच अकोल्याच्या तारबाबूला, गुलाम नबीला विचारलं.

"चौदाच धाडले, भाऊ! बाप होऊन राहिला ना तू, म्हणून जास्त ऐकू येऊन राहिलं तुले."

नियम साफ होता. संख्या खरी, जादा आलेलं खोडायचं.

त्याने खोडलं.

बाराला अकोल्याहूनच दुसरी इंग्रजी तार. एक शब्द जादा... खोडला.

एकला तिसरी. खोडला.

तीनला चौथी. तिचा जादा शब्द अगदीच तोकडा होता...

तोही खोडला.

चारला मराठी तार आली. गुलाम नबीने ती सावकाश धाडली. संख्या, पाच.

ललिता गेली. पोरगीही गेली. निघा.

देवमनने शब्द मोजले. बरोबर भरले. वेळ टाकली, सही केली.

मग त्याची नजर खोडलेल्या अक्षरांवर गेली. टिकटिक तीच असते. इंग्रजीत तिचं एक अक्षर होतं, मराठीत दुसरं. त्याने चारही शब्द मराठीत मांडले.

पोरगी... रडून... राहिली... या.

अकोल्यात सासू जाईबाई दारातच बसली होती.

"ललिता तं सकाळी आठालेच गेली, जवाईबापू. म्हटलं, पोरीचं काय होते ते पाहून एकदाच कळवू. लय रडून राहिली होती... तीन वाजेपर्यंत."

साडेअकराची मोटार अडीचला अकोल्यात पोचते. अकराचा शब्द तेव्हाच वाचला असता, तर ती मिळाली असती.

अकोल्याच्या नोंदवहीत त्या चारही तारा आहेत. एकही शब्द जादा नाही.

आठवड्याने तो कामावर रुजू झाला. पहिलीच तार अकोल्याची, इंग्रजी. संख्या, बारा.

बारा शब्द आले. यंत्र थांबलं.

"पोचली का, भाऊ?" गुलाम नबीने विचारलं.

देवमनने पेन्सिल कागदावरून उचलली नाही...

"भाऊ, संपली तार."

तो ऐकत राहिला.