जेठातली थोरली

दुधाच्या मडक्याच्या बुडाला चिकटलेली खरवड. शिंपल्यानं खरवडून काढायची. ती धाकट्याची, असं कुणी ठरवलेलं नव्हतं; पण ती धाकट्याचीच असायची.

हिरव्या खणाची चोळी. बाहेरून सरळ. आतून दोन्ही कुशींना मुरडून टाके घातलेले.

निजामाच्या कचेरीत ज्येष्ठ महिना नव्हता. तिथल्या कागदांत त्या दिवसांना 'तीर' म्हणत.

युसूफ वडगावच्या एका परसात, निंबाखाली, हातभर सारवलेली जागा. तिथं कुणी भांडी घासत नसे.

अर्ध्यावर सोडलेला गजग्यांचा, सागरगोट्यांचा डाव.

"ज्याचं नाव ठेवलं न्हाई ते मोजायचं न्हाई." हे सगळ्याच म्हाताऱ्या म्हणत.

*

"धाकटीला उभी करा!"

ओसरीवरून गीताबाईचा आवाज आला आणि चुलीपुढं रुखवताच्या कानवल्याला मुरड घालणारा केसरबाईचा हात जागच्या जागी थांबला...

घर तेलगावचं, केसरबाईच्या धाकट्या बहिणीचं, सावित्रीचं. लग्न सावित्रीच्या थोरल्या लेकीचं, बायनाचं. वैशाखातला मुहूर्त भावकीतल्या सुतकानं हुकला म्हणून तारीख पुढं ढकलली, तर आज जोशीबुवा पंचांग मांडीवर घेऊन सांगत होते की नवरदेव थोरला, नवरी थोरली आणि महिना ज्येष्ठ; असे तीन थोरले एका मांडवाखाली आले तर त्यातला एक टिकत नाही. आषाढ लागला की मुहूर्त सरले. नवरदेवाचा आजा अंथरुणाला खिळलेला, नातसून बघायला जीव धरून बसलेला. तिकडची माणसं दिवाळीपर्यंत थांबायला तयार नव्हती.

"मांडव घातलाय, गाव जेवायला यायचाय," सावित्रीची सासू गीताबाई म्हणत होती. "बायना न्हाई तर धाकटी कडू. दोघीबी आपल्याच. अन् आपल्या घरात हे काय पयल्यांदा हाय का बया? मपली सून कशी आली?"

"आई, लेकरं हायती ती," तिचा लेक शहादेव कसाबसा बोलला. "बैलं न्हाईत एकाचं जू काढून दुसऱ्याच्या मानंवर ठिवायला."

"तुझं तसंच झालं न्हवं? काय वाईट झालं?"

शहादेवची कोंडी झाली. हो म्हणावं तरी बायकोला लागणार, नाही म्हणावं तरी बायकोलाच लागणार!

सावित्री खांबाला टेकून उभी होती. तिनं हळूच मान वळवली आणि स्वैपाकघरात बसलेल्या थोरल्या बहिणीकडं पाहिलं. कित्येक वर्षांत तिनं असं सरळ पाहिलं नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता, रडू नव्हतं... बघ अक्का, पुन्हा तेच, एवढंच त्या नजरेत होतं. आणि दाराआड कडू, बायनाची पाठची बहीण, मुठीत गजगे घट्ट धरून उभी होती. हाताला चिकटलेलं पीठ केसरबाईला एकाएकी फार जड झालं.

*

मागचं.

केजजवळच्या एका गावात केसरच्या वडिलांचं, सुंदररावांचं घर. ओढ्याकाठी मळा, मळ्यात ज्वारी, हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती सगळं घर. हुरडा चोळायची ती केसर. तळहात भाजले तरी चोळून, फुंकून, पाखडून द्यायची ती केसर. खायची ती सावित्री, आणि तिच्या मांडीवर लोळत, तोंड काळं करून, "आनखी" म्हणायचा तो भारत, दोघींच्या पाठीवरचा लेक.

एकाच आईच्या पोटची तिघं, पण किती वेगळी! केसरला घरात शिरल्या शिरल्या कोण जेवलं आणि कोण राहिलं हे दिसायचं. सावित्रीला फक्त चिंच कुठं पिकलीय ते दिसायचं. सावित्री गाणी म्हणायची, बांगड्या फोडायची, पायातलं पैंजण ओढ्यात हरवून हसत घरी यायची, आणि बोलणी केसर खायची. "तू थोरली हायस न्हवं? तुझं ध्यान कुटं व्हतं?" भारतला तर आपण राजे आहोत याबद्दल कधी शंकाच आली नाही. केसरच्या कडेवरून तो राज्य करायचा.

पण कुणी केसरला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की ती सुखी होती. थोरलेपण तिच्या अंगावर दागिन्यासारखं होतं. "अक्का" अशी हाक आली की तिचं अंतःकरण कसं भरून यायचं! बाकी काही नसलं तरी ती थोरली होती.

मग मानमोडीचा ताप आला. घरटी एक माणूस गेलं. या घरातून आई गेली, छबुबाई.

जायच्या आधी, तापात डोळे तांबडे झालेले असताना, तिनं केसरला जवळ ओढलं. तेलगावच्या थोरल्या लेकाशी केसरचं बोलणं तेव्हाच चाललं होतं.

"केसरे... तुझ्या आधी मला एक झालतं. वडगावला, मपल्या माहेरी. दिस मावळायच्या आत गेलं. नाव न्हाई ठिवलं, म्हनून कुनी मोजत न्हाई. तुझा बापबी न्हाई. पन उद्या जोशी आडवा आला तर सांग त्याला... थोरपन पाळन्यात धरत न्हाईत, पोटात धरत्यात. तू थोरली न्हाईस, बाई."

आईच्या उशाशी बसलेल्या त्या पोरीला आई मरतेय हे कळत होतं, आणि तरी, का कोण जाणे, त्या शेवटच्या वाक्यानंच तिच्या काळजाचा ठाव सुटला...

*

मागचं, पण जरा अलीकडचं.

आईचं वर्षश्राद्ध झालं. पुढं सिंहस्थ लागणार होता, म्हणजे वर्षभर लग्नं बंद. तेलगावकर म्हणाले, आत्ताच उरकू. उरला होता तो एकच महिना, ज्येष्ठ. आणि गावच्या जोश्यानं नकारार्थी मान हलवली.

"जोशीबुवा," सुंदरराव हात जोडून, हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "सरकारात तर ह्याला तीर म्हनत्यात. तिरात लावा की!"

"देवाच्या दप्तरात तीर न्हाई, सुंदरराव."

ओसरीवर सगळे हसले. दाराआड केसर हसली नाही. तिच्या कडेवर भारत झोपला होता, त्याची लाळ तिच्या खांद्यावर ओघळत होती. अंगणात सावित्री गजगे खेळत होती. केसरच्या जिभेच्या टोकावर आईचं वाक्य उभं होतं... उंबऱ्याबाहेर एक पाऊल, आणि एक वाक्य!

"मंग धाकटीला उभी करू," कुणीतरी म्हणालं.

केसर बोलली नाही.

तिनंच सावित्रीला डावावरून उठवलं. तिनंच स्वतःच्या मापाची हिरवी चोळी तिच्या अंगावर चढवली, ती झग्यासारखी लोंबली तेव्हा तिनंच दोन्ही कुशी आत मुरडून टाके घातले. "अक्का, सुई टोचती गं!" सावित्री हसत होती. तिला वाटत होतं, हा काहीतरी खेळ आहे. गाडी वेशीपाशी गेली तेव्हा तिला कळलं, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो "आई" म्हणून नव्हे, "अक्का" म्हणून!

तेलगावात ती एका रात्रीत थोरली सून झाली. जिला चूल पेटवता येत नव्हती तिच्या मागं दीर, नणंदा, गडी, गुरं. "मोठीची जागा घेतली अन् भाकर थापता येईना!" हे तिनं किती वेळा ऐकलं ते तिलाच ठाऊक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा केसरच उशाशी होती. लेकरू जगलं नाही. ती परत गेली ती गेलीच. दरसाल पंचमीला भारत तिला आणायला गाडी जुंपून जायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचा. तिच्या मनानं एकच धरलं होतं: अक्कानं बापाच्या घरात राणी होऊन राहायला मला वाटेला लावलं.

आणि ती राणी? सिंहस्थ सरल्यावर तिला घाटनांदूरच्या राधाकिशन नावाच्या बिजवराला दिलं. माणूस चांगला. घरात पहिलीची तीन लेकरं. केसर उंबरा ओलांडून आत गेली, आणि कोण जेवलं, कोण राहिलं, ते तिला लगेच दिसलं.

*

केसरबाई उठली.

पिठाचे हात तसेच. बहिणीच्या सासरची ओसरी, पुढं पुरुषमाणसं, आणि ही पाहुणी बाई पदर सावरत सरळ जोशीबुवांपुढं जाऊन उभी राहिली.

"बुवा, बायना थोरली न्हाई."

"आँ?" गीताबाईनं कपाळाला हात लावला. "अगं, ह्या डोळ्यानं बघितलीय मी! घरातलं पयलं लेकरू ते!"

"पयलं न्हाई, मामी. सावित्रीचं पयलं बाळंतपन आमच्याकडं झालं. पोरगा व्हता. मी ह्या हातानं त्याला गुंडाळून दिला." तिनं पिठाचे हात पुढं केले. "थोरपन पाळन्यात धरत्यात का पोटात, बुवा?"

जोशीबुवांनी पंचांगावरचं बोट काढलं.

"पोटात. आद्य गर्भ धरतात... मग मला कुणी हे सांगितलं कसं नाही?"

"तुमी इचारलं कुटं?" शहादेव म्हणाला आणि त्याचा श्वास मोकळा झाला.

"नाव न ठिवलेलं लेकरू मोजतं का कुनी!" गीताबाई पुटपुटली, पण तिनंही पदर डोळ्याला लावला. मग दुसऱ्याच क्षणी ओरडली, "बसलाव काय सगळे? हळद भिजवा! बायने, बाहीर ये गं!"

दाराआडून गजगे जमिनीवर सांडल्याचा आवाज आला आणि कडू परसाकडं धूम पळाली.

*

"अक्का."

सावित्री स्वैपाकघरात आली होती. दार तिनं लोटून घेतलं होतं.

"थोरपन पोटात धरत्यात, हे तुला कुनी सांगितलं?"

"आईनं."

"आईला कावून सांगावं लागलं? आई गेली तवा मला लेकरू कुटं व्हतं? लगीनबी न्हवतं."

केसरबाईनं कानवला हातात घेतला. मुरड घालायला गेली. बोटं चालेनात.

सावित्रीच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं. "तुझ्या आधी..." ती म्हणाली. "आईला तुझ्या आधी एक झालतं. म्हंजे तू..."

"व्हय."

"तू थोरली न्हवतीस!"

"न्हवते."

"एका शब्दाचं काम व्हतं, अक्का!" सावित्रीनं दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून गदागदा हलवले. "एक शब्द! ह्या घरात तू आली असतीस. तुला सगळं येत व्हतं गं! मपला जन्म गेला थोरली होता होता... मला थोरली व्हायचं न्हवतं!"

"भारत लहान व्हता, सावे. मी गेले असते तर त्याला..."

"भारतला मधी घालू नगंस! त्याला चुलती व्हती, बाप व्हता. खरं सांग."

बाहेर बाया हळदीचं गाणं म्हणू लागल्या होत्या. केसरबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आजवर ती इतरांसाठी रडली होती. आता ती कुणासाठी रडत होती ते तिलाच कळेना.

"मी थोरली नसते तर कोन असते गं?" ती म्हणाली. "मला दुसरं काय येत व्हतं? तुला गाणी येत व्हती. भारत तर लेकच व्हता. मला एवढं एकच येत व्हतं... दाराआड उभी व्हते अन् वाटलं, हे बोलले की तेबी जाईल. नवरा गेला तर जाऊ दे, वाटलं. पन तू मला अक्का म्हनायची बंद व्हशील, हे..."

"मी काय जोश्याला इचारून तुला अक्का म्हनत व्हते?"

केसरबाईनं वर पाहिलं. सावित्री रडत होती, आणि रडता रडता तिच्या ओठांना ते जुनं, पैंजण हरवून घरी आल्यावरचं हसू फुटत होतं.

"येडी हायस तू," सावित्री म्हणाली. "येडी, लई येडी! अगं, म्हंजे तूबी धाकटीच की गं!"

केसरबाईनं तोंडात पदराचा बोळा धरला. पण उमाळा आवरेना. सावित्रीनं तिला ओढून छातीशी धरलं. तिथं, त्या कानवल्यांच्या पसाऱ्यात, किती काळ त्या तशा बसल्या! कुठल्या तरी म्हातारीनं दार ढकललं, आत पाहिलं आणि पुन्हा लोटून घेतलं.

मग सावित्री उठली. उतरंडीजवळचं दुधाचं मडकं तिनं पुढ्यात ओढलं, शिंपला घेतला, आणि बुडाची खरवड, तांबूस, करपट, गोड, लांबच लांब काढली. ती बहिणीपुढं धरली.

"मी करते की," केसरबाई हात पुढं करत म्हणाली. "लेकरांना दे ती. कडूला..."

"गप बस. हात खाली कर. आ कर."

केसरबाईनं तोंड उघडलं. डोळे मिटले. मडक्याच्या बुडाला एवढी गोडी असते हे तिला ठाऊकच नव्हतं.

"आनखी," ती म्हणाली.

सावित्रीच्या लग्नाच्या दिवशी केसरला चौदावं लागलं होतं.