कापून टाकलेला शब्द

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण फ्रेंच नट एतियेन कार्व्हेलबद्दल चांगले बोलायची वेळ आली की भल्याभल्यांची तारांबळ उडे. तो पडद्यावर मारायचा ते खरेच मारायचा. कुणाचे नाक फुटले, एका नटीचे मनगट मोडले, आणि दिग्दर्शक गास्ताँ मोर्व्हान कॅमेऱ्यामागे उभा राहून खूश होत राहिला. दोघेही केव्हाच गेले. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात दरवर्षी जुन्या फ्रेंच चित्रपटांतल्या दिवंगतांना श्रद्धांजली वाहत, तेव्हा याही दोघांच्या तसबिरींना हार पडत, दोन मिनिटे शांतता होई आणि मग चहा. यंदा मात्र डॉ. अन्वर मुकादमांनी ठरवले होते की हार पुरे झाले, आता खुद्द कार्व्हेललाच उभे करायचे.

संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. तिथे आज सोहळ्याची तालीम होती.

"पडद्यावर तुम्हाला माणूस दिसतो," ते हेमांगी रेडकरला समजावत होते. "आमचं यंत्र त्याच्या कातडीखाली बघतं. कुठला स्नायू केव्हा ताणला, श्वास कुठे अडकला. त्यावरून मेंदूनं काय हुकूम सोडला ते आम्ही काढतो. हा झाला चेष्टालेख. तो शिरोजालातून जिवंत नटाच्या मेंदूत उतरवला, की मग जाळी काढली तरी तासभर त्याचं शरीर कार्व्हेलचं."

"आणि उदयन कुठे जाणार तेवढा वेळ?"

उदयन तिचा नवरा. डोक्यावर तारांची जाळी घालून तो खुर्चीत बसला होता. "अगं, घरी तरी माझं शरीर माझ्या ताब्यात कुठे असतं?" तो म्हणाला.

हेमांगी हसली, पण तिचे समाधान झाले नाही. दोघे एकाच नाटकमंडळीत वाढले होते; अंगात आलेला नट काय करतो हे तिला ठाऊक होते. "शॉट सुरू कसा होतो, डॉक्टर?"

"खुणेनं. समोरच्याचा संवाद, एखादा आवाज. चित्रपटात ज्या खुणेवर जो शॉट सुरू होतो, तोच इथेही होईल."

"आणि थांबतो कशानं?"

"मोर्व्हान 'कूपे' म्हणायचा. म्हणजे आपलं 'कट'. ते मी म्हणेन, हेमांगीताई. तुम्ही निश्चिंत राहा."

प्रसंग होता गोदी कामगार बायकोचा गळा आवळतो तो. हेमांगीने घोकलेले फ्रेंच वाक्य म्हटले. बायको नवऱ्याला डिवचते ते.

उदयन खुर्चीतून उठला तो उदयन नव्हताच. पहिल्याच थपडेत तिचा ओठ फाटला. दुसरीने ती तालमीसाठी भिंतीसारख्या उभ्या केलेल्या लाकडी पडद्यावर जाऊन आदळली आणि डोक्यात घण बसल्यासारखे झाले. मग त्याची बोटे मानेभोवती आली, अंगठे नरड्यावर टेकले आणि रुतू लागले. लग्नानंतर इतक्या वर्षांत ज्या हातांनी कधी तिच्यावर बोट उगारले नव्हते, तेच हे हात.

"कूपे!" डॉक्टर म्हणाले. मग ओरडले, "कूपे! अहो कट, कट!"

अंगठे आणखी आत गेले. डॉक्टरांनी धावत येऊन त्याला मागून मिठी मारली. कोपराच्या एका तडाख्यात त्यांचे नाक मोडले आणि ते रक्त थुंकत जमिनीवर बसले. तिथेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"शुद्ध प्रत!" ते किंचाळले. "आपण शुद्ध प्रत वापरली!"

शुद्ध प्रत म्हणजे संग्रहालयाचा अभिमान. प्रत्येक शॉटच्या आगेमागचे जास्तीचे तुकडे काढून, झाडूनपुसून ठेवलेला चित्रपट. पण दिग्दर्शकाचा 'कूपे' नेमका त्या तुकड्यांतच असतो. संकलक पहिल्यांदा कात्री चालवतो ती त्यावर. कार्व्हेलने जन्मभर तो शब्द ऐकला, त्यासरशी हात सैल सोडले, आणि त्याच्या एकाही चित्रपटात तो उरला नाही. यंत्राने ज्या कार्व्हेलला उभे केले, त्याला सुरुवात ठाऊक होती. थांबणे त्याला कुणी दाखवलेच नव्हते.

हेमांगीच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. जीव जाणार हे तिला कळले, आणि तोही उदयनच्या हातून. तो आतून बघत असेल या विचाराने ती कळवळली. थांबवणारा शब्द नाही. पण चित्रपटात या शॉटनंतर काय येते? दार ठोठावल्याचा आवाज. पोलीस. तिने मूठ वळून मागच्या लाकडी पडद्यावर धडाधड आपटली.

बोटे सुटली. ती खाली कोसळली आणि घशातून शिट्टीसारखा आवाज काढत हवा ओढू लागली.

उदयन खिडकीकडे वळला होता.

पोलीस दाराशी आल्यावर कामगार खिडकीतून उडी टाकतो. कार्व्हेलने ती उडी स्वतः मारली होती, खाली रचलेल्या गाद्यांवर. गाद्या कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होत्या, म्हणून चेष्टालेखात नव्हत्या. आणि या खिडकीखाली फरसबंदी अंगण होते.

त्याने मुठीने काच फोडली. मनगटावरून रक्ताची धार लागली तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्याने गुडघा खिडकीत ठेवला.

"गुंगीचं इंजेक्शन भरतोय!" डॉक्टरांच्या हातातून कुपी निसटत होती. "धरा त्यांना! थोडा वेळ, थोडाच वेळ धरा!"

धरणार कशी? हे हात आता कुणाच्या बापाला ऐकणार नव्हते. एका शॉटमधून बाहेर काढायचे तर दुसऱ्यात घालायला हवे, आणि तो असा हवा की उदयन या खोलीतच राहील. असा एकच शॉट होता. हेमांगीला तो तोंडपाठ होता.

ती पडद्याला धरून उभी राहिली. घशात आवाज उरला नव्हता, तरी तिने तो ओढून काढला.

"त्यू नोझरा पा." तुझी छाती नाही व्हायची.

उदयनचा गुडघा खिडकीतून खाली आला. तो वळला आणि ओल्या, लाल हातांनी तिच्याकडे चालत आला. पहिली थप्पड बसली. चुकून कुठे ठोका पडून तो पुन्हा खिडकीकडे वळू नये म्हणून तिने आपले दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ठेवले.