ताईने करून दिलेली ओळख

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबतच घडली आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाला पटवायची हौस नाही.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. जागा... कॉलेजच्या आवारातला अध्यक्षांचा बंगला. खूप जुना. जो कोणी कॉलेजचा अध्यक्ष होईल, त्याने कुटुंबासह तिथेच राहायचं. त्या वर्षी ताईचा नवरा अध्यक्ष झाला होता.

"ये गं चार दिवस," ताईचा फोन आला. एरवी ती माझी आठवणही काढत नाही. मी वेडी, हुरळून गेले!

बंगल्यात चहापानं फार. आलेल्या प्रत्येकाची ओळख अध्यक्षांच्या बायकोने करून द्यायची, ही तिथली पद्धत.

त्या संध्याकाळी मात्र कुणीच पाहुणे नव्हते.

तरी ताईने ठेवणीतले कपडे घातले. माझा हात धरून मला दिवाणखान्याच्या दारात नेलं.

खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची. समोर चहाचा भरलेला कप.

"ही माझी पाठची बहीण," ताई त्या खुर्चीला म्हणाली. "एकटीच राहते. हिला सोबत हवीच आहे."

मला हसू आलं. "अगं, डोकंबिकं फिरलं का तुझं?"

ताई हसली नाही.

खट्ट...

कप बशीवर टेकला. आम्ही दोघी अजून दारातच होतो.

मग खुर्ची करकरली. पावलं वाजली... सावकाश. माझ्यापाशी येऊन थांबली.

मी ताईकडे पाहिलं. ती रडत होती, पण चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव होता. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बॅग उचलली आणि पळाले. घरी येऊन कुलूप काढलं, आत शिरले...

माझ्यामागून आणखी कुणीतरी आत आलं.

ताईला फोन लावला. "काय आहे हे?"



"कोण आहे ती, मलाही माहीत नाही गं. आधीच्या अध्यक्षांच्या बायकोने माझी अशीच ओळख करून दिली होती. जिची ओळख करून द्यावी, तिच्याबरोबर ती जाते. माझ्या पोरीच्या उशाशी बसायला लागली होती... मी काय करायचं?"

"आणि माझं काय?"

"तुला कुठे मूलबाळ आहे?"

सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला हो माझा!

आता ताई दर आठवड्याला न चुकता फोन करते. "बरी आहेस ना?" म्हणते. मी बरी असले काय, नसले काय, तिला त्याचं काही नाही. ती खुर्चीतली अजून माझ्याकडेच आहे ना, एवढंच ताईला ऐकायचं असतं.

फोन आपटावासा वाटतो. मग भाचीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

मी म्हणते, "आहे."