लांडगोबाच्या डोळ्यातलं पाणी

तो दुकानात शिरला तेव्हा मी केसांच्या एका टोपाचा भांग पाडत होते.

"केस हवे होते," तो म्हणाला.

मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. चांगलं दाट रान माजलं होतं. "तुम्हाला? कशाला?"

"डोक्याला नाही... बाकी सगळीकडे."

मी ओठ चावून हसू दाबलं. तेवढ्यात त्याच्यामागून माझा मामेभाऊ आत आला आणि उलगडा झाला. दादा सिनेमा काढत होता. माणसाचा लांडगा होतो, अशी भीतीची गोष्ट. बंद पडलेलं एक गोदाम, मित्राचा उसना कॅमेरा, आणि लांडगा म्हणून हा – एरवी शाळेत चित्रकला शिकवणारा. संगणकाच्या करामती दादाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. लांडगा हातानेच घडवायचा होता आणि त्यासाठी दादाने माझे हात गृहीत धरले होते, मला न विचारता.

"केसानं गळा कापू नका म्हणजे झालं," जाताना तो भावी लांडगा म्हणाला.

दुसऱ्याच दिवसापासून तो माझा लांडगोबा झाला आणि मी त्याची केसवाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. हनुवटीपासून सुरुवात करायची. डिंकाचं बोट, त्यावर केसांचा झुपका, तो दाबून धरायचा, मग त्याच्या वर दुसरा. कपाळापर्यंत पोचायला चार तास लागायचे. चार तास त्याचा चेहरा माझ्या वीतभर अंतरावर... आणि त्याच्या श्वासाला लिंबाच्या गोळीचा वास.

"डोळे मीट," मी म्हणायची.

"का? डोळ्यांवर कुठे केस लावायचेत?"

"मला काम सुचत नाही म्हणून."

"मग तर मुळीच मिटणार नाही."

आणि तो हसायचा. हसला की गालावरचे झुपके सुटायचे. ते पुन्हा चिकटवताना मी करवादायची. मनातून मात्र मला उकळ्या फुटत असायच्या.

खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यातच माझा हात बसला होता. अडीच तासांत लांडगा उभा राहिला असता. पण मी चार तासच लावत राहिले. दादा बाहेर येरझाऱ्या घालायचा, "अगं, लांडगा करतेयस की पैठणी विणतेयस?" म्हणून ओरडायचा, आणि मी शहाजोगपणे म्हणायची, "घाईचं काम नाही हे, दादा."

तिसऱ्या आठवड्यात लांडगोबाला फोन आला. परदेशात बेकरी चालवणारा त्याचा मोठा भाऊ अपघातात गेला होता. मागे वहिनी आणि दोन लहान पुतण्या. तो जाऊन आला, तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला होता.

"शेवटचा शॉट झाला की कायमचा जातोय," तो म्हणाला. "मुली माझा हात सोडत नव्हत्या गं."

मी मान हलवली. बोलायचं खूप होतं, पण मी डिंकाची बाटली उघडली.

शेवटचा शॉट माणसाचा लांडगा होण्याचा होता. त्याची युक्ती अशी की तो उलटा घ्यायचा. आधी पुरता लांडगा कॅमेऱ्यासमोर बसवायचा, थोडे केस उतरवायचे, काही क्षण चित्रण करायचं, पुन्हा थोडे उतरवायचे. शेवटी उरतो माणूस. मग चित्र उलटं चालवलं की माणसाच्या अंगावर केस उगवत जातात. मान तसूभरही हलता कामा नये म्हणून दादाने त्याचं डोकं मागून लाकडी चौकटीत बसवलं होतं. तोंडात मी घडवलेले सुळे होते, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले. लांडगोबा अर्धा झाला होता. त्याचा उजवा गाल मोकळा होता. मी त्याला नळीने पाणी पाजत होते. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. आणि त्याला उत्तर देता येणार नाही, म्हणूनच मला धीर आला. भित्री होते मी.

"हलू नकोस," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. खूप आवडतोस. थांब म्हणत नाही मी... त्या मुलींना तू हवायस. फक्त तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

तो हलला नाही. नुसता बघत राहिला. इतक्यात दादा आला आणि त्याने कॅमेरा सुरू केला. त्याच क्षणी लांडगोबाच्या उजव्या डोळ्यातून एक थेंब सुटला आणि मोकळ्या गालावरून हनुवटीपर्यंत ओघळला.

"डिंक भिजेल," मी पुटपुटले, पण पुसायला माझा हात काही उचलला गेला नाही.

संध्याकाळी शेवटचा केस निघाला. चौकट सुटली. त्याने सुळे काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"तुला दोन-अडीच तासच लागत होते," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं."

माझी मान खाली गेली.

"आणि मी मुद्दाम हसायचो. झुपके सुटावेत म्हणून... तुला पुन्हा लावावे लागावेत म्हणून." त्याने माझा दुसरा हात हातात घेतला. "आपण दोघांनी वेळ तेवढा चोरला गं. बोलायचं मात्र राहून गेलं."

त्याने माझ्या बोटांवरचा वाळलेला डिंक सावकाश सोलून काढला, एकेका बोटावरचा. मग बॅग उचलून तो गेला.

वर्षभराने पन्नास खुर्च्यांच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. तो शॉट आला. पडद्यावर त्याचा चेहरा स्वच्छ होता, मग हळूहळू केस उगवू लागले, आणि मध्येच हनुवटीवरचा थेंब गालावरून वर चढत डोळ्यात शिरला. लोकांच्या अंगावर काटा आला. मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "पाणी वर कसं चढवलं असेल?" ज्याला सगळं कळलं होतं तो माणूस माझ्यासमोर थोडा थोडा लांडगा होत गेला. मला बघवेना.

हॉल रिकामा झाल्यावर मी दादाजवळ गेले.

"तो शॉट एकदा सरळ लावशील? जसा घेतला होता तसा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. दिवे पुन्हा मालवले.

लांडगा आला. गाल मोकळा झाला. थेंब डोळ्यातून सुटून खाली ओघळला, जसा ओघळायला हवा तसा. केस उतरत गेले, उतरत गेले... आणि शेवटी तो उरला. कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे बघत होता. त्या दिवशी मी तिथेच उभी होते.