बुडालेल्या मोरीनचं गाणं

पेग हेहिर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जत्रांतून गाणी म्हणत, त्यांचे छापील कागद विकत हिंडायची. खुनाची, फाशीची गाणी चालेनाशी झाली तेव्हा तिने स्वतःच एक रचलं: लग्नाच्या आदल्या दिवशी शेवाळ गोळा करायला गेलेली पोर समुद्रात बुडते. पोरीचं नाव काही केल्या चालीत बसेना. शेवटी तिने आपल्याच लेकीचं घातलं.

"मला बुडवलंस होय गं?" उकडलेले बटाटे सोलता सोलता मोरीन हसली.

"तुझंच नाव तेवढं बसलं. आणि रडवणारं गाणं खपतं."

"मग चांगली रडव सगळ्यांना."

एनिसच्या छापखान्यातून कागद घेऊन पेग थेट किलरशच्या जत्रेत उभी राहिली. पहिलं कडवं संपतंय तोच शेजारी मोजे विकणाऱ्या म्हातारीने सूर धरला आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं. शब्दही चुकला नाही.

"कुठं ऐकलंस हे?"

"माझी आजी म्हणायची. आता हेही छापायला लागलात तुम्ही?"

म्हातारी फिरकी घेतेय, असं पेगने मनाला समजावलं. पण कॅरिगाहोल्टला कोळीही तेच गाणं म्हणत जाळी विणत होते, आणि त्यांच्या गाण्यात एक कडवं जास्त होतं, बुडालेल्या पोरीच्या कानामागच्या डागाचं. मोरीनच्या कानामागे भाजल्याचा डाग होता, आईच्या हातून कढत पाणी सांडलं त्याचा. पेगने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"हे कडवं कुणी जोडलं?"

"जोडायचं काय त्यात, बाई? पहिल्यापासून आहे. पोर आमच्याच किनाऱ्याला लागली होती म्हणतात."

उरलेले कागद तिने समुद्रात फेकले आणि घरची वाट धरली. वाटेतल्या प्रत्येक गावात गाणं तिच्या आधी पोचलं होतं, आणखी लांबलं होतं.

घरात चूल थंड होती. शेजारची बीडी दारात आली.

"मोरीन कुठंय?"

"कोण मोरीन?"

"माझी लेक. तुझ्याच हातांवर जन्मली ती, बीडी."

बीडीचा आवाज मऊ झाला. "पेग, तुला मूल कधी झालं गं? मोरीन ती गाण्यातली. चल, दोन घास खाऊन घे."

अंथरूण एकच होतं.

पेग परसात धावली.

लेकीला हाक मारायला तिने तोंड उघडलं. हाक चालीत निघाली.

पलीकडच्या शेतात बायका बटाटे काढत होत्या. मान वर न करता त्यांनी पुढची ओळ उचलली.