डेलफीनचं शेवटचं भाषण

या, जवळ सरकून बसा. मिसिसिपीतल्या आमच्या गावात एका वारलेल्या मुलीचा आवाज कॉलेजच्या वर्गात आला, त्याची गोष्ट सांगते.

एप्रिलमधल्या एका सकाळी शाळेच्या समुपदेशक मिस अर्लीन यांना कॉलेजातून हॅस्केट सरांचा फोन आला.

"तुमची डेलफीन प्रूइट माझ्या भाषणकलेच्या ऑनलाइन वर्गात छान चाललीय हो! शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठीचे गुण, मिळवतेय. मेमध्ये शाळा संपेल तेव्हा कॉलेजची दोन वर्षांची पदवीही हातात."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "सर, डेलफीनला फेब्रुवारीत पुरलं आम्ही."

"काहीतरीच काय! कालच तिनं भाषण रेकॉर्ड करून पाठवलंय."

बाईंनी ते ऐकलं. विषय वेणीचा. आवाज डेलफीनचाच. 'पोर पायाशी बसते. पेंग आली की डोकं मागे कलंडतं, आणि तो ऊबदार भार आपल्या गुडघ्यावर येतो.'

तेवढंच वाक्य बाईंनी पुन्हा लावलं.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांचं गात गात रंगलेलं प्रवचन संपलं. शेवटचा 'आमेन' अजून छताशी घुटमळत होता. बाई डेलफीनच्या आईशेजारी, वर्नेलशेजारी, जाऊन बसल्या. आमच्या चर्चमध्ये बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात.

"सिस्टर वर्नेल, पोरीचा लॅपटॉप कुठंय?"

"तिच्या खोलीत."

"कोण उघडतं?"

"भुतं." वर्नेल हसली. डोळे हसले नाहीत.

"डेलफीननं कधी कुणाची वेणी घातली होती?"

"तिनं? अहो, बुटाची नाडी धड बांधायची नाही ती! केस मीच..." वर्नेल थांबली.

"पायाशी बसणाऱ्या पोरीला गुडघ्यावरचा भार कसा कळेल? तो वेणी घालणारीलाच कळतो. आणि फोनवर तुम्हा मायलेकींच्या आवाजात मीसुद्धा फसायचे. चूक आमचीही आहे. शाळेला वाटलं, कॉलेजला कळलं असेल. कळवलं कुणीच नाही."

वर्नेलनं हातपंखा तोंडावर धरला. "तिचं कॉलेजचं खातं बंद करायलाच लॅपटॉप उघडला होता, मिस अर्लीन. पडद्यावर आलं, 'डेलफीन, तुझा धडा बाकी आहे.' कुणीतरी अजून तिची वाट बघत होतं. ती येणार नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? पदवीदानाच्या दिवशी मैदानावर तिचं नाव पुकारलेलं ऐकायचं होतं, बस."

"तुम्ही केलेलं तिच्या नावावर राहणार नाही."

"ठाऊक आहे."

"पण तिनं स्वतः मिळवलेलं कुणी काढून घेणार नाही. नाव मी पुकारीन."

पदवी मिळाली नाही. मेमधल्या शाळेच्या समारंभात नाव मात्र पुकारलं गेलं. रिकाम्या खुर्चीवर तिचा समारंभाचा झगा होता. आणि मागून तोच आवाज आला, "हजर!"

उद्या लेकीच्या केसांत कंगवा घालाल, तेव्हा क्षणभर आमच्या डेलफीनची आठवण काढा.